उशिरा दिलेला ऑक्सिजन

‘बाळ जन्मल्यावर रडलंच नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला.’ सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाची आई त्याच्या आजाराबद्दल सांगू लागली की सुरुवात बहुतेक वेळा या वाक्याने होते. पुढे काचेच्या पेटीत काढलेले दिवस येतात, आलेले झटके येतात, वर्षाचे होऊनही मान न धरलेले लेकरू येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या अशा घरांनी अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर अशा वाऱ्या केलेल्या असतात. मग कोणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवते. मोठ्या शहरातले केंद्र, पाणबुडीसारखी दिसणारी नळी, आत झोपलेले मूल आणि खाली लिहिलेले असते की मेंदूला पुन्हा ऑक्सिजन देऊन मूल चालू लागते. आईच्या मनात गणित लगेच जुळते. जे कमी पडले तेच आता भरून देणार असतील, तर मूल बरे का होणार नाही? हा विचार अडाणीपणाचा नाही. त्याच्यावर डॉक्टरांचाही विश्वास बसला होता आणि म्हणूनच त्याची तपासणी झाली. त्या तपासणीत काय निघाले हे शेत गहाण टाकण्याआधी कळले पाहिजे, म्हणून हा लेख.

या उपचाराचे नाव हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी. ‘चेंबर’ म्हणतात त्या बंद कक्षात हवेचा दाब नेहमीच्या दीडपट ते तिप्पट करायचा आणि रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन श्वासातून द्यायचा, एवढीच त्याची पद्धत. एरवी रक्तातला जवळपास सगळा ऑक्सिजन तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटून फिरतो. शंभर मिलिलिटर रक्तात असा सुमारे वीस मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर रक्ताच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर भरतो. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या हवेवरही जवळजवळ भरलेले असते, त्यामुळे त्यात आणखी भर घालायला जागा नसते. दाब वाढला की मात्र विरघळणारा ऑक्सिजन वाढतो. तिप्पट दाबात तो सहा मिलिलिटरपर्यंत जातो आणि विश्रांतीत असलेल्या शरीराला तेवढा पुरतो. १९६० साली ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद बोरेमा यांनी डुकरांच्या अंगातले जवळपास सगळे रक्त काढून त्याजागी पातळ द्रव भरला आणि अशा दाबाच्या कक्षात ती जिवंत ठेवून दाखवली. म्हणजे या उपचारामागचे भौतिकशास्त्र पक्के आहे. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात आणि मज्जारज्जूत नायट्रोजनचे बुडबुडे तयार होतात, तेव्हा त्याला लुळेपणापासून वाचवणारा खरा उपचार हाच. मुंबईत कुलाब्याच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात हे शास्त्र जपले गेले ते पाणबुड्यांसाठीच. रक्तवाहिनीत हवा शिरणे, मधुमेहातल्या काही न भरणाऱ्या जखमा, रेडिएशनने जळालेल्या पेशी, अचानक आलेला बहिरेपणा यांतही त्याला मान्यता आहे. तेव्हा चेंबर म्हणजे थोतांड, असे म्हणणाऱ्याचेही चुकते.

मेंदूच्या बाबतीत हा उपचार कुठे उपयोगी पडतो, याचे आपल्याकडे लागू पडणारे उदाहरण म्हणजे शेगडीचा धूर. थंडीच्या रात्री दार-खिडक्या लावून पेटती शेगडी खोलीत ठेवली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वास नसलेला वायू साठतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो. साध्या हवेत त्यातला निम्मा वायू रक्तातून जायला पाच तास लागतात. तोंडाला मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर सव्वा तासाच्या आसपास, आणि तिप्पट दाबाच्या चेंबरमध्ये साधारण तेवीस मिनिटे. असे रुग्ण शुद्धीवर येतात, घरी जातात आणि काही आठवड्यांनी विसरू लागतात, गोंधळू लागतात. अमेरिकेत वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांनंतर स्मरण आणि विचारशक्तीचे दोष चेंबरमधल्या गटात २५ टक्के, तर दुसऱ्या गटात ४६ टक्के रुग्णांत दिसले. या विषयावरचे सगळेच अभ्यास असे अनुकूल नाहीत, ऑस्ट्रेलियातला १९९९ चा अभ्यास उलटा आहे. तरी येथे फायदा का होऊ शकतो हे समजते. विष अजून शरीरात आहे, इजा अजून चालू आहे आणि उपचार काही तासांत सुरू झाला आहे.

सेरेब्रल पाल्सीत यातले काहीच नसते. जन्माच्या वेळी गुदमरल्यामुळे झालेली मेंदूची इजा पहिल्या काही मिनिटांत, तासांत आणि दिवसांत होऊन जाते. मूल दोन वर्षांचे होते तेव्हा त्याच्या मेंदूला रक्तही पुरेसे मिळत असते आणि ऑक्सिजनही. जो भाग मेला त्याची जागा व्रणाने किंवा पाण्याने भरलेल्या पोकळीने घेतलेली असते. मुळात या आजाराच्या सगळ्या मुलांत कारण गुदमरणे हे नसतेच. वेळेआधी जन्म, वाढलेली कावीळ, गर्भातला संसर्ग अशीही कारणे असतात, त्यांत ऑक्सिजनचे गणित लागूच पडत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. बाळ खरोखर गुदमरलेले असते त्या पहिल्या मिनिटालासुद्धा जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त फायदा, असे निघाले नाही. न रडणाऱ्या बाळाला शुद्ध ऑक्सिजन द्यायचा ही जगभरची पद्धत होती. दिल्लीचे सिद्धार्थ रामजी आणि ओस्लोचे ओला सॉगस्टॅड यांनी नव्वदच्या दशकात साध्या हवेशी तिची तुलना केली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाशेहून अधिक बाळांच्या अभ्यासात भारतीय रुग्णालयेही होती. साध्या हवेवरची बाळे मागे राहिली नाहीत. पुढे सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा साध्या हवेच्या गटात मृत्यू कमी दिसले, आणि २०१० मध्ये पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी साध्या हवेपासूनच सुरुवात करावी, अशी आंतरराष्ट्रीय सूचना आली. गुदमरलेल्या बाळाला ७२ तास थंड ठेवण्याच्या उपचाराचीही अशीच गोष्ट आहे. श्रीमंत देशांत तो उपयोगी ठरला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तो पडताळला, त्यात मुंबईचे शीव रुग्णालयही होते. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के आणि नेहमीच्या गटात ३१ टक्के बाळे दगावली होती. पटणारा तर्क आणि खरा उपचार यांच्यात किती अंतर असू शकते, हे आपल्याच मातीतल्या या अभ्यासांनी दाखवून दिले आहे.

चेंबरवाल्यांचा मूळ सिद्धान्त १९९० सालचा आहे. अमेरिकेतले न्यूबाउअर यांनी मांडले, की इजा झालेल्या भागाच्या कडेला काही पेशी मेलेल्या नसतात, नुसत्या सुस्त पडलेल्या असतात. जादा ऑक्सिजन दिला की त्या जाग्या होतात. ‘झोपलेल्या पेशी जाग्या करणे’ हे जाहिरातीतले वाक्य तिथून आले. त्याची सर्वांत चांगली परीक्षा कॅनडातल्या क्युबेक प्रांतात झाली आणि २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. सेरेब्रल पाल्सीची १११ मुले, वय ३ ते १२. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला पावणेदोनपट दाबात शुद्ध ऑक्सिजन, दुसऱ्याला १.३ पट दाबात साधी हवा, दोन महिन्यांत प्रत्येकी चाळीस सेशन. कोण कोणत्या गटात आहे हे आईवडिलांना ठाऊक नव्हते आणि मुलांची तपासणी करणाऱ्यांनाही नव्हते. शेवटी बसणे, रांगणे, उभे राहणे या हालचालींचे गुण मोजले. ऑक्सिजनच्या गटात २.९ टक्क्यांची वाढ, साध्या हवेच्या गटात ३ टक्क्यांची. दोन्हीकडची मुले सुधारली आणि सारखीच सुधारली. फरक पडला तो कानांच्या त्रासात, ऑक्सिजनच्या गटातल्या २७ मुलांना तो झाला, हवेच्या गटातल्या १२ मुलांना.

यावर आलेला आक्षेप हुशारीचा आहे, तो टाळून चालणार नाही. समर्थक म्हणतात, साधी हवा म्हणजे खोटा उपचार नव्हताच. १.३ पट दाबानेही थोडा जादा ऑक्सिजन मिळाला आणि त्यानेच मुले सुधारली, म्हणजे दोन्ही गटांना औषध मिळाले. आता हिशेब करून पाहू. १.३ पट दाबातली हवा म्हणजे समुद्रकाठी २७ टक्के ऑक्सिजन असलेली हवा घेण्यासारखे. तालुक्याच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन सोडला, तर साधारण तेवढाच मिळतो. एवढ्याने सेरेब्रल पाल्सी सुधारत असती, तर कोविडच्या काळात गावोगावी आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पुरले असते, लाखोंच्या नळ्या लागल्या नसत्या. दाबाचेच म्हणाल, तर बुलढाणा शहर साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. राजूर घाट उतरून मलकापूरला पोहोचेपर्यंत हवेचा दाब चार-पाच टक्क्यांनी वाढतो आणि कानांना दडे बसतात. दाबातल्या असल्या किरकोळ बदलांनी मेंदूच्या जुन्या व्रणांवर काही घडते, असे कुठेच दिसलेले नाही. तरीही शंका रास्त होती, म्हणून ती निकालात काढणारा प्रयोगही झाला. अमेरिकेत लेसी आणि सहकाऱ्यांनी तुलनेच्या गटालाही दीडपट दाबातच ठेवले, पण त्या हवेत ऑक्सिजन १४ टक्केच ठेवला. त्यामुळे दाब जाणवे, पण ऑक्सिजन मिळे तो घरच्या हवेइतकाच. निकाल २०१२ मध्ये आला. फरक दिसेना, पुढे दिसण्याची शक्यताही उरली नाही, म्हणून अभ्यास मध्येच थांबवावा लागला. खऱ्या गटात काही जादा सुधारणा दिसली नव्हती.

मग आईवडिलांना जी सुधारणा दिसली ती खोटी होती का? मुळीच नाही, आणि या विषयाचा गाभा मला इथे वाटतो. अमेरिकेच्या सैन्यात डोक्याला मार लागून महिनोन् महिने डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड सोसणाऱ्या ७२ जवानांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन गट होते. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला चेंबरमध्ये दीडपट दाबाचा ऑक्सिजन, तिसऱ्याला चेंबरमध्येच जेमतेम वाढवलेल्या दाबाची साधी हवा. नेहमीच्या उपचारांवरचे जवान होते तिथेच राहिले. चेंबरमध्ये गेलेले दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच. म्हणजे ऑक्सिजनने काही केले नाही, बाकी सगळ्याने केले. रोज एका ठरावीक वेळी जाणे, कोणीतरी नाव घेऊन विचारपूस करणे, तासभर शांत पडणे, आपल्यासाठी काही होते आहे हा दिलासा. लहान मुलाच्या बाबतीत यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. दोन महिन्यांत ते वाढते, काही ना काही नवे शिकतेच. आणि एरवी शेतातून थकून येणारी आई त्या दोन महिन्यांत दिवसभर त्याच्याजवळ असते, त्याच्याशी बोलते, त्याला उचलते, बसवते. त्या सुधारणेचे श्रेय नळीला जाते आणि आईला मिळत नाही. हा अन्याय मला फार टोचतो.

बाकीच्या आजारांचे थोडक्यात सांगता येईल. स्वमग्नतेत २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासाने आशा दाखवली, पण २०१० मध्ये दुसऱ्या गटाला आणि २०१२ मध्ये थायलंडच्या डॉक्टरांना फरक सापडला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये १९८३ चा पहिला अभ्यास उत्साह वाढवणारा होता, पाठोपाठ ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासांनी तो ओसरला. लकव्यात मात्र जरा थांबावे लागते, कारण इथे सिद्धान्ताला खरा आधार आहे. रक्ताची गाठ अडकली की तिच्या भोवतालचा भाग काही तास खरोखरच मरणाच्या दारात तग धरून असतो. पण त्याला वाचवतो तो रक्तप्रवाह. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून घरच्यांनी मालिश आणि अंगारा यांत न अडकता १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोहोचणे, हाच मेंदूला ऑक्सिजन देण्याचा मार्ग आहे. लकवा मारल्यावर चोवीस तासांत चेंबरमध्ये ठेवून पाहिलेल्या एका छोट्या अभ्यासात तीन महिन्यांनी तुलनेच्या गटातलेच रुग्ण अधिक बरे निघाले. जुन्या लकव्यात इस्राएलमधल्या ७४ रुग्णांच्या २०१३ च्या अभ्यासाने सुधारणा दाखवली, जाहिरातींत तोच मिरवला जातो. त्यात खोट्या चेंबरचा गट नव्हता. जवानांच्या अभ्यासानंतर ती उणीव किती मोठी आहे, हे वाचकाला सांगायला नको.

आपल्याकडचा पुरावा म्हणून दिल्लीतल्या दीडशे मुलांच्या २०१४ च्या अभ्यासाचे नाव निघते. चेंबरमध्ये गेलेली मुले नुसत्या व्यायामाच्या गटापेक्षा पुढे गेली, असे त्यात आढळले. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि साध्या हवेवरची मुलेही ऑक्सिजनवरच्या मुलांइतकीच पुढे गेली. हा अभ्यास करणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, पण क्युबेकमध्ये दिसले त्याहून वेगळे त्यातून निघत नाही. काही जण म्हणतील, पुरावा नाही म्हणजे उपयोग नाहीच असे कसे म्हणता? जिथे कोणी पाहिलेच नाही तिथे हे म्हणणे बरोबर आहे. सेरेब्रल पाल्सीत नीट पाहिले गेले, दोनदा पाहिले गेले आणि काही सापडले नाही. उद्या कोणी अधिक चांगला अभ्यास केला तर मत बदलायला हवे, पण तो अभ्यास रुग्णालयाच्या खर्चाने व्हावा, सोयाबीनच्या पट्टीतून नव्हे.

‘निदान अपाय तर नाही ना’ हे वाक्य मला सर्वांत धोक्याचे वाटते. कानाच्या पडद्याला इजा होते, क्वचित फुप्फुसालाही होते. जास्त दाबाचा ऑक्सिजन मेंदूलाच विषारी ठरून झटका आणू शकतो, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्येच लिहून ठेवले. सेरेब्रल पाल्सीच्या अनेक मुलांना आधीच मिरगी असते. शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या बंद नळीत एक ठिणगी पुरते. म्हणून आत जाताना सुती कपडे घालायचे, केसांना तेल नाही, मोबाइल नाही, बॅटरीचे खेळणे नाही असे कडक नियम असतात. २००९ मध्ये फ्लोरिडात चेंबरला आग लागली आणि सेरेब्रल पाल्सीवर उपचार घ्यायला इटलीहून आलेले चार वर्षांचे मूल आणि त्याची आजी दोघेही त्यात गेले. जानेवारी २०२५ मध्ये मिशिगनमध्ये पाच वर्षांचा मुलगा अशाच स्फोटात गेला. त्याचा आजारही चेंबरच्या मान्य यादीतला नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्येच स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मल्टिपल स्क्लेरोसिस यांसाठी या उपचाराला आपली मान्यता नाही, असा इशारा दिला होता. आणि या सगळ्यावर वेळेचा तोटा. एका सेशनला काही हजार, अशी चाळीस सेशन, शहरात दोन महिन्यांची खोली, बुडालेली मजुरी. तेवढ्या काळात मुलाची फिजिओथेरपी बंद पडते, आणि मेंदू जेव्हा सर्वांत लवकर वळण घेतो तीच ही पहिली वर्षे.

ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक यांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीचे सगळे उपचार तपासून त्यांना सिग्नलचे रंग दिले. हायपरबॅरिक ऑक्सिजनला लाल मिळाला. हिरव्यात जे आले ते दिसायला साधे आहे. एक हात कमजोर असेल तर चांगला हात रोज काही तास मोज्यात बांधून ठेवायचा आणि कमजोर हाताला काम द्यायचे. ताटात भुईमुगाच्या शेंगा ओतून मूल एकेक उचलते, डब्यात टाकते. आधी शेंग घरंगळते, मूल चिडते, आठवड्याने ती दोन बोटांच्या चिमटीत येते. ते जमले की भाकरीचा तुकडा मोडणे. मुलाला घरात खरोखर करायची असलेली कृतीच सरावाला घ्यायची, शेकडो वेळा. त्याशिवाय आखडलेल्या स्नायूंना इंजेक्शन आणि प्लास्टर, झटक्यांची औषधे न चुकता, आणि खुब्याचा सांधा निसटत नाही ना हे पाहायला ठरलेल्या अंतराने एक्स-रे. हा एक्स-रे आपल्याकडे फार वेळा राहून जातो, मग दहाव्या वर्षी मुलाला बसताही येत नाही आणि दुखणे कायमचे होते.

हे सगळे जवळ मिळावे लागते, आणि खरी अडचण तिथे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करून जिल्हा पातळीच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे मूल पाठवायचे, अशी त्याची रचना आहे. पण जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या टोकाच्या गावातून मूल काखेत घेऊन बुलढाण्याला जायचे, तर येण्याजाण्यात दिवस मोडतो, मजुरी जाते. आठवड्यातून दोनदा हे कोण करणार? ज्या घराला जवळ काहीच मिळत नाही, ते घर लांबच्या नळीवर विश्वास ठेवते, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बुलढाण्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. खामगाव, मेहकर, शेगावच्या रुग्णालयांत आठवड्याचा एक वार या मुलांच्या फिजिओथेरपीसाठी ठेवा, आशाताईंना घरी करून घ्यायचे व्यायाम शिकवा, अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे करण्याजोगी आहे आणि त्याला चेंबरइतका खर्चही येणार नाही.

तोवर ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांना एवढीच विनंती. कोणत्याही केंद्रात पैसे भरण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञाला किंवा मेंदूविकारतज्ज्ञाला विचारा, की या आजारात खोट्या चेंबरशी तुलना करून फरक सिद्ध झाला आहे का. मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या. सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नता २०१६ च्या कायद्याच्या यादीत आहेत, आणि नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, त्यात नियमित थेरपीही धरलेली आहे.